वानरांच्या शेजारचं वावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि घाटंजी या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं कोरडवाहू वावर आहे. टिपेश्वर अभयारण्याची हद्द तिथून लांब नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर मी शेतीत उतरले आणि तेव्हापासून माझा बराचसा वेळ वानरांच्या संगतीत जातो. टिपेश्वर म्हटलं की लोक वाघाचंच विचारतात. २०१९ मध्ये गळ्यात कॉलर घेऊन इथून निघालेला तरुण वाघ चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्याची बातमी देशोदेशी गेली. पण वाघ आमच्या धुऱ्यावर क्वचित पाऊल उमटवून जातो. वानर रोज येतो आणि बसतो. त्याच्यावर कुणी बातमी करत नाही. पुस्तकं वाचायची सवय मास्तरकी सुटली तरी सुटली नाही, म्हणून खालच्या मजकुरात मध्येच ब्राझीलची माकडंही डोकावतील.

१. वानर वेगळा, माकड वेगळं

काळं तोंड, राखाडी अंग आणि अंगाहून लांब शेपूट असलेला तो वानर. लाल तोंडाचं, तपकिरी, आखूड शेपटीचं ते माकड. आमच्या रानात वानरच. जुन्या प्राणिशास्त्रात लाल तोंडाच्या माकडाची दक्षिण हद्द साधारण तापी आणि गोदावरी या नद्यांनी आखलेली असे, आणि त्याखाली डोक्यावर केसांचा भांग असलेलं टोपी माकड. आता लाल तोंडाचं माकड दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपी माकडाचा मुलूख आकसतोय, असं अभ्यासक सांगतात.

हा फरक शेतकऱ्याच्या कामाचा आहे. माकडाला गालात पिशव्या असतात. ते आलं की भराभर कोंबतं, पळतं आणि लांब जाऊन निवांत खातं. वानराला अशा पिशव्या नाहीत. त्याला जागेवर बसूनच खावं लागतं. म्हणून माकडासाठी तुम्हाला चपळ व्हावं लागतं, वानरासाठी चिकट. तो बसायच्या आत उठवला पाहिजे. एकदा तुरीच्या ओळीत मांडी ठोकली की शेंग खाणार थोडी आणि फांद्या मोडणार फार.

कायद्यातही दोघं आता एका रांगेत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा लाल तोंडाचं माकड अनुसूचीतून वगळलं गेलं. गावात मात्र याचा अर्थ ‘माकडांवरचा कायदा उठला’ असा लावला गेला आणि त्यात वानरही ओढला गेला. तसं काही झालेलं नाही.

२. बिस्कीट देऊ नका

हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात न ऐकलं जाणारं. वानराचं पोट पानं पचवण्यासाठी घडलेलं आहे. त्याला गाईसारखे कप्पे असतात आणि त्यात जिवाणू पानं आंबवतात. कोवळी पानं, कळ्या, पळसाची फुलं, उंबरं, कच्ची चिंच हे त्याचं जेवण. मैद्याचं बिस्कीट, साखर, तेलकट पोळी त्या कप्प्यांत गेली की आंबवण्याचं सगळं गणित बिघडतं.

पोटाचं सोडा, स्वभाव त्याहून लवकर बिघडतो. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे केळी वाटणारे भाविक पुण्य घेऊन घरी जातात आणि त्या गल्लीतल्या म्हातारीच्या हातातली पिशवी पुढचे सहा दिवस ओढली जाते. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून चिवडा फेकणाऱ्यांचं तर विचारूच नका. वानर जंगल सोडून रस्त्याला आला, असं हेच लोक नंतर म्हणतात. आणलं कोणी?

३. कळप ओळखता आला की अर्धी भीती जाते

वानरांचा कळप म्हणजे माद्यांचं घर. आजी, मावशी, लेकी एकाच मुलखात जन्म काढतात. नर मात्र मोठे झाले की बाहेर पडतात आणि नुसत्या नरांच्या टोळ्या करून हिंडतात. आमच्याकडे बहुतेक कळपांत एकच मोठा नर असतो, आणि बाहेरच्या टोळीचा त्याच्या जागेवर डोळा.

पिल्लू जन्मतं तेव्हा काळसर असतं, आईच्या राखाडी अंगावर ते लगेच उठून दिसतं. पहिल्या दिवसापासून ते या हातातून त्या हातात फिरतं. तरण्या माद्या ते मागून घेतात, कधी हिसकावतातही, आणि आई तेवढ्यात निवांत पाला खाऊन घेते. आमच्या वावरातल्या चिंचेखाली बसून हे बघताना माझ्या मदतीला येणारी बाई म्हणाली होती, ‘आमच्या घरी असं एक तरी पोट्टी असती त मी रोजची मजुरी बुडवली नसती.’

आणि मग एखाद्या वर्षी नर बदलतो. दोन-चार दिवस नुसता कल्लोळ असतो. नवा नर आधीच्या नराची अंगावरची पिल्लं मारू शकतो. हे प्रथम नीट नोंदवलं ते जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी, धारवाडच्या जंगलात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे सारा हर्डी या अमेरिकन विदुषीनं राजस्थानातल्या अबूच्या वानरांवर काम करून १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. तोवर अनेकांना वाटे की गर्दीमुळे वेडावलेले नर असं करतात. हर्डी म्हणाल्या, वेड नाही, हिशोब आहे: दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही; पिल्लू गेलं की येते. वाचायला हे क्रूर वाटतं. पण त्याच माद्या एकत्र होऊन नव्या नराला अडवतात, त्याच्यावर धावून जातात, हेही त्यांनीच लिहिलं, आणि हे मी पाहिलेलं आहे. आईच्या बरोबरीनं कळपातली वयस्क मादी पुढे झाली होती. म्हातारीला तसं गमावण्यासारखं काय उरलं असणार, म्हणून असेल.

माणसाच्या गोष्टी वानरांवर चढवू नयेत हे याच्याच पोटातलं. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात लवूळ गावी वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, गच्चीवर नेली, ती मेली. ‘वानरांचा सूड’ म्हणून ती गोष्ट जगभर पसरली. वन विभागानं दोन वानर पकडून नेले. पिल्लं उचलून कवटाळायची ज्यांना जन्मजात ओढ असते त्यांच्या हाती परक्या जातीची पिल्लं लागली, ती वर उपाशी राहिली किंवा पडली, असा उलगडा मला तरी सुडापेक्षा जास्त पटतो. सिनेमात मात्र चालला नसता.

४. राखणीला माणूसच लागतो

बुजगावणं, चमकणाऱ्या पट्ट्या, वाघाचं चित्र असलेली चादर, सुतळी बॉम्ब, भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं. सगळ्याचं आयुष्य आठ-पंधरा दिवस. जवळच्या कोलाम पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, एक बाबा आमच्याकडे राखणीला यायचे. त्यांचं म्हणणं, ‘बाई, त्याले माणसाचा डोया समजते. तुमचा डोया फिरला का तो उतरते.’ ते गोफण घेऊन यायचे पण क्वचितच फिरवायचे. सकाळी कळप झोपेच्या झाडावरून निघायच्या वेळी आणि दुपार कलल्यावर, अशा दोनच वेळा ते झाडाखाली जाऊन उभे राहायचे. बाकी दिवस विडी.

रानडुक्कर, रोही, हरीण यांच्याबरोबर माकडानं केलेल्या पीकनुकसानीचीही भरपाई शासनाकडे मागता येते. अर्ज लवकर द्यावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो, सातबारा जोडावा लागतो. वानरानं खाल्लेली तूर दाखवणं डुकरानं लोळवलेला हरभरा दाखवण्यापेक्षा अवघड असतं. मोडलेल्या फांद्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत.

५. सहाशे ग्रॅमचं माकड काय शिकवतं

ब्राझीलच्या वीस रियालच्या नोटेवर एक छोटं माकड आहे, सोनेरी लायन टॅमरिन. रिओ दि जानेरो राज्यातल्या अटलांटिक वर्षावनाचं हे रहिवासी, वजन जेमतेम ६०० ग्रॅम. चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ, अंग सोन्याचं. फळं खातं, झाडांवर वाढणाऱ्या अननसाच्या कुळातल्या रोपांच्या खोबणीत बारीक हात घालून किडे आणि बेडूक काढतं, रात्री झाडाच्या ढोलीत झोपतं. बहुतेक वेळा जुळी होतात. त्यांना पाठीवर वागवायचं काम बाप आणि मोठी भावंडं करतात, आई दूध पाजण्यापुरती घेते. एका कुटुंबात सहसा एकच मादी विते आणि बाकीचे सगळे तिची पोरं सांभाळतात. वानरांच्या माद्यांना हे दाखवायला हवं.

१९७० च्या आसपास ही माकडं रानात काही शेच उरली होती. जंगल तोडून ऊस, कॉफी, गुरांची कुरणं झाली, आणि पिंजऱ्यांसाठी धरपकड चालू होतीच. अदेल्मार कोइंब्रा-फिल्यो या ब्राझिली शास्त्रज्ञानं आरडाओरडा केला, १९७४ मध्ये पोसो दास अंतास हे राखीव जंगल झालं. १९८४ पासून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले टॅमरिन तिथे सोडायला सुरुवात झाली. आणि तिथे एक गंमत, म्हणजे गंमत कसली, कळलं की या पिंजऱ्यातल्या माकडांना झाड येत नाही. घट्ट बसवलेल्या दांड्यांवर वाढलेली ती, हलणाऱ्या फांदीवर गांगरायची, खाली पडायची, फळ सोलायचं कसं ते त्यांना ठाऊक नसायचं. पहिल्या तुकड्यांतली पुष्कळ मेली. तरी जी टिकली त्यांची रानात जन्मलेली पोरं झाडावर पक्की झाली.

२०१४ मध्ये रानातली संख्या ३,७०० च्या घरात होती. मग पीतज्वराची साथ आली आणि ती २,५०० पर्यंत घसरली. शास्त्रज्ञांनी रानातल्या माकडांना धरून लस टोचली, हे असं पूर्वी कुणी केलेलं नव्हतं. २०२३ च्या मोजणीत आकडा ४,८०० च्या आसपास गेला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथलं उरलेलं जंगल बहुतेक खासगी मालकीचं आहे, तुकड्या-तुकड्यांत, मध्ये कुरणं. माकडं वाचली ती सरकारी कुंपणाच्या आत कमी आणि शेतकऱ्यांच्या धुऱ्यांवर जास्त. गुरं पाळणाऱ्यांनी आपल्या जमिनीतून झाडांच्या पट्ट्या लावू दिल्या आणि दोन तुकडे जोडले गेले.

६. जंगल वरून तुटतं

वानर जमिनीवर आरामात चालतो, उघड्या वावरातून शंभर पावलं सहज जाईल. टॅमरिन बिचारा फांदी सोडून उतरायला राजी नसतो. पण दोघांना लागतं तेच: झाडाला झाड लागलेलं असणं. टॅमरिनला नाही मिळालं तर तो अडकून राहतो आणि आपल्याच नात्यात लग्न करून खंगतो. वानराला नाही मिळालं तर तो खाली उतरतो, आणि खाली रस्ता असतो.

नागपूर-हैदराबाद महामार्ग, पूर्वीचा सात नंबर, आताचा ४४, आमच्या पांढरकवड्यावरून जातो. रुंदीकरण झालं तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी झाडं गेली. याच रस्त्यावर वर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी खालून जायला पूल बांधले आहेत, आणि त्यांतून वाघ, चितळ, रानकुत्री जाताना कॅमेऱ्यांनी टिपलंही आहे. चांगलीच गोष्ट. पण वानराचा रस्ता खालून नसतो. पूर्वी अलीकडच्या कडुनिंबाची फांदी पलीकडच्या चिंचेला टेकायची आणि कळप वरच्या वर पार व्हायचा, खालून ट्रक जात असे. आता मधे चार पदरी डांबर. गाडीखाली सापडतात त्यांत माद्या आणि अंगावरची पिल्लं जास्त दिसतात, कारण त्या सावध म्हणून मागे थांबतात आणि मग एकट्या धावतात.

उपाय महाग नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत सिंहपुच्छ माकडांचे कळप रस्त्यांनी कापले गेले होते. सिंहपुच्छ हे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या सदाहरित जंगलातलं माकड. उत्तरेला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अघनाशिनीच्या खोऱ्यात त्याची वस्ती संपते, महाराष्ट्रात ते नाही. केरळच्या सायलेंट व्हॅलीचं धरण १९८३ मध्ये रद्द झालं त्या आंदोलनाचा चेहरा हेच माकड होतं. तर वालपराईत पुथुथोट्टम इथे अभ्यासकांनी आणि वन विभागानं अग्निशमन दलाच्या जुन्या पाइपांच्या पट्ट्या विणून रस्त्यावर झाडाला झाड जोडलं. माकडं त्यावरून जातात. ब्राझीलमध्ये टॅमरिनसाठी तर बीआर-१०१ या महामार्गावर २०२० मध्ये झाडं लावलेला आख्खा पूलच झाला. यवतमाळात आधी जुन्या पाइपाच्या पट्ट्यांनी सुरुवात झाली तरी चालेल. गावातल्या वीजतारांवर लटकणारे वानर बघून तरी कुणाला सुचावं.

७. मेलेल्या माकडाला दगड मारू नका

ब्राझीलमध्ये पीतज्वर आला तेव्हा काही ठिकाणी लोकांनी माकडंच मारली. ताप डासांचा, माकडं आधी मरून इशारा देत होती. आपल्याकडे क्यासनूरचा ताप, ज्याला माकडताप म्हणतात, तोही असाच. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात रानात वानर आणि माकडं पटापट मरू लागली आणि माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, तो विषाणू शोधला. वाहक निघाली गोचीड. २०१६ मध्ये हा ताप आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. आमच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही, पण रानात एकाच वेळी दोन-तीन वानर मेलेले दिसले तर हात न लावता वनरक्षकाला कळवायचं, एवढं मी पोरांना शिकवून ठेवलं आहे.

८. पिंजरा आणि प्रयोगशाळा

छोट्या माकडांचं सगळ्यात मोठं दुर्दैव म्हणजे ती गोड दिसतात. मार्मोसेट नावाचं दक्षिण अमेरिकेतलं माकड तळहातावर मावतं. झाडाच्या सालीला दातांनी भोकं पाडून ते डिंक खातं, दिवसाचा पुष्कळ वेळ त्यातच जातो. आमचे कोलाम आणि गोंड लोक धावड्याला टोचा मारून डिंक काढतात, तेच काम. असलं माकड दिवाणखान्यात कसं राहणार? तरी परदेशातून लपवून आणलेली मार्मोसेट आपल्या विमानतळांवर जप्त होतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आहे.

आपण धुतल्या तांदळाचे नाही. पोलिओच्या लशीसाठी १९५० च्या दशकात भारतातून लाल तोंडाची माकडं वर्षाला लाखाच्या घरात परदेशी जात. लस आली, मुलं वाचली, हे खरं. पण ती माकडं लष्करी प्रयोगांतही वापरली गेल्याचं उघड झालं आणि मोरारजी देसाईंच्या सरकारनं १९७८ मध्ये निर्यात थांबवली. त्याच काळात कोलंबियातून शेंडीवाल्या टॅमरिनची वीस ते चाळीस हजार माकडं अमेरिकेच्या प्रयोगशाळांत गेली; ते माकड आजही सावरलेलं नाही.

९. देव मानलं म्हणून भागत नाही

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावावर आहे, कागदोपत्री. २०२२ मध्ये ही बातमी आली तेव्हा आमच्या घरी हशा पिकला, ‘आपल्याही सातबाऱ्यावर त्यांची नावं चढवा, कब्जा आहेच.’ मला मात्र ते गाव मनापासून आवडलं. आमच्याकडे मारुतीला शेंदूर आहे, त्याच्या नातलगांना जागा नाही. देवळामागचं उंबर तोडून सभामंडप झाला. कळप मग समोरच्या गल्लीत आला, आणि सभामंडपात बैठक भरली ती वानरांचा बंदोबस्त करण्यासाठी.

उन्हाळ्यात टिपेश्वरमध्ये, माथनीच्या बाजूनं आत गेलं की वानरांच्या झाडाखाली चितळं उभी दिसतात. वरून अर्धी खाल्लेली पानं-फळं पडतात, ती खाली चितळं टिपतात. वाघ दिसला की वानर वरून खाकरतो आणि चितळं सावध होतात. कान्ह्यात पॉल न्यूटन यांनी या संगतीचा अभ्यास केला आहे. रानात वानर काय कामाचा, असं विचारणाऱ्याला मी हेच सांगते. विचारणारा सहसा म्हणतो, ‘चितळही वावरातच येते ना बाई!’ तेही खरंच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाल्याकाठच्या धुऱ्यावर उंबर, चिंच, काटेसावर आणि करंज लावली. मालकांचा विरोध होता: सावलीनं पऱ्हाटीच्या दोन ओळी जातील. जातीलही. त्यांचं म्हणणं, वानरांना आयतं घर कशाला. माझं म्हणणं, नाल्याकाठी झाडाला झाड लागलं तर कळप वावर ओलांडणार नाही, काठाकाठानं अभयारण्याकडे जाईल. शेवटी नाल्याच्या बाजूचा धुरा माझा आणि रस्त्याच्या बाजूचा त्यांचा, असं ठरलं. झाडं कमरेएवढी झाली आहेत. यंदाची तूर मात्र दोन्ही बाजूंनी खाल्ली. फोटो काढून ठेवलेत, अर्ज दिला आहे, पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नाही.